एन ९०० वर नवी लिबसी टाकू का? नका टाकू!

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. नोकियाचा एन ९०० हा लिनक्सवर चालणारा फोन, लॅपटॉपवर त्याच्यासाठी क्रॉस कंपाईल केलेला प्रोग्राम, चालवला की 'जीलिबसी २.७ नॉट फाउंड' (जीलिबसी म्हणजेच ही लिबसी, जवळजवळ सगळ्या प्रोग्रामना लागणारी पायाची लायब्ररी), आणि आता "कंपायलरसोबत आलेली नवी लिबसी फोनमध्ये कॉपी करू का?" मीही हेच केलं होतं.

रात्री एक वाजता, रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन, जुन्या फाईलवर नवी थेट सीपी, म्हणजे कॉपीची आज्ञा. त्यानंतर काहीही टाईप केलं की 'सेगमेंटेशन फॉल्ट'. फाईलींची यादी दाखवणारा एलएस नाही, फाईल हलवणारा एमव्ही नाही. सगळी मंडळी त्या एकाच लायब्ररीवर उभी. जुन्या लिबसीची प्रत शेजारच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती हो! पण ती परत आणणारा सीपीच मेलेला. फोन बंद करून चालू केला, तर कंपनीचं नाव दिसायचं, पडदा काळा व्हायचा, पुन्हा नाव.

अशा वेळी सरळ उपाय म्हणजे, कीबोर्डवरचं यू बटण दाबून धरायचं, यूएसबी जोडायची आणि कॉम्प्युटरवरच्या फ्लॅशर प्रोग्रामने सिस्टिम पुन्हा चढवायची. माझ्या फोनचं यूएसबी पोर्ट आधीपासून हलत होतं. तीन आठवडे एका सर्व्हिस सेंटरमध्ये फोन पडून, आणि उत्तर काय, तर "बोर्डच बदला". अहो, या मॉडेलचं पोर्ट उखडतं हे वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे; डाग द्यायचं काम, बोर्ड कशाला? शेवटी हात स्थिर असलेल्या एका मित्राने डाग दिला. तोवर बॅटरी संपलेली, आणि सिस्टिम उठल्याशिवाय हा फोन नीट चार्जही होत नाही. म्हणून बीएल-५जे बॅटरीचा बाहेरचा चार्जर आजच घेऊन ठेवा.

आता तुमचं काम. एन ९०० च्या मेमो ५ या सिस्टिममध्ये जीलिबसी २.५ आहे, कर्नल (सिस्टिमचा गाभा) २.६.२८. प्रोग्राम त्याच्याच एसडीकेत (प्रोग्राम बनवायच्या साधनसंचात), म्हणजे स्क्रॅचबॉक्सच्या आर्मेल (फोनच्या एआरएम प्रोसेसरसाठीच्या) टार्गेटमध्ये कंपाईल करा. लॅपटॉपच्या आजच्या कर्नलवर स्क्रॅचबॉक्स व्हीडीएसओ या कर्नलच्या एका सोयीवरून रुसतो. त्याच्याशी भांडण्यापेक्षा व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं ३२ बिट डेबियन टाका. फोनवर नेण्याआधी ऑब्जडम्प या प्रोग्रामच्या आत डोकावणाऱ्या साधनाने बघा, तो जीलिबसी २.५ च्या पुढचं काही मागतोय का. छोटं, खिडकीबिडकी नसलेलं सी असेल तर मसल ही छोटी पर्यायी लिबसी वापरून स्टॅटिक लिंक करा, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या आतच बसते. माझं तरी त्यावर भागलं, तुमच्या प्रोग्रामची खात्री मी देत नाही.

"नवी लिबसी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली तर?" असं कोणीतरी सुचवेलच. सिस्टिम मरणार नाही हे खरं, पण फार नवी असली तर 'कर्नल टू ओल्ड' म्हणून तीच चालायला नकार देते.

आणि जे काही टाकाल ते ऑप्ट फोल्डरमध्ये. मुख्य सिस्टिम जिच्यात राहते ती नँड मेमरी फक्त २५६ एमबी आहे, ती भरली की फोन उठेलच असं नाही. त्याची वेगळी रडकथा आहे, ती पुन्हा केव्हातरी.