अमेरिकन यादवी युद्धात (1861-65) परदेशी शस्त्रं कितपत वापरली गेली?

भरपूर, आणि दोन्ही बाजूंनी: फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं आणि उत्तरेचं केंद्र सरकार. युद्ध पेटलं तेव्हा दक्षिणेकडे बंदुकांचे मोठे कारखाने जवळजवळ नव्हतेच. म्हणून एप्रिल 1861 मध्येच केलेब ह्यूज या अधिकाऱ्याला खरेदीसाठी युरोपात धाडलं. उत्तरेचे दलालही तिथेच माल उचलत होते, त्यामुळे भाव चढले.

सर्वांत जास्त मागणी ब्रिटिश एनफिल्ड रायफलला. होय, 1857 च्या उठावात जिच्या काडतुसांवरून आपल्याकडे भडका उडाला, तीच 1853 ची एनफिल्ड! तिच्या नळीचा आतला व्यास 0.577 इंच, अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलचा 0.58. एवढा जवळचा मेळ असल्यामुळे बहुतेक वेळा एकाच गोळीवर दोन्ही चालत. ऑस्ट्रियाची लोरेंझ रायफल मात्र 0.54 ची. एकाच तुकडीत दोन्ही प्रकार आले की दारूगोळा पुरवणाऱ्याची त्रेधा उडे.

दक्षिणेचा माल अटलांटिकमधल्या बर्म्युडा किंवा नासाऊ या ब्रिटिश बेटांवरच्या बंदरांत उतरायचा आणि तिथून वेगवान जहाजं रात्रीच्या अंधारात उत्तरेच्या नौदलाची नाकेबंदी चुकवून दक्षिणेतलं विल्मिंग्टन बंदर गाठायची. माझ्या मते दक्षिण चार वर्षं तगली, त्यात या जहाजांचा वाटा फार मोठा आहे.

दक्षिणेसाठी इंग्लंडमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’सारख्या युद्धनौकांनी उत्तरेच्या व्यापारी जहाजांच्या केलेल्या नुकसानीपोटी ब्रिटनला 1872 च्या जिनिव्हा निवाड्यानुसार अमेरिकेला 1 कोटी 55 लाख डॉलर मोजावे लागले.