वाचक विचारतात: साताऱ्याच्या पेठा पायी फिरायच्यात, गाईड घ्यावा का?

प्रश्न: दिवाळीत पुण्याहून भाचे येणारेत. तिकडे त्यांनी हेरिटेज वॉक केलेत, आता म्हणतायत मामा साताऱ्याचा पण करू. मी जन्मलो इथंच, पण राजवाडा आणि अजिंक्यतारा झाला की माझी गाडी बंद पडते. गाईड घेण्यासारखं आहे का काही, की नुसते पैसे जाणार?
– एक मामा, शनिवार पेठ

उत्तर: घ्या की मामा, पण आधी फोन करून एकच विचारा, साताऱ्याच्या गादीवरच्या प्रतापसिंह महाराजांबद्दल काय दाखवणार? समोरचा माणूस गडबडला आणि अफजलखानाकडे वळला तर त्याला प्रतापगडावर न्या, गावात नको. आपल्याकडे हा घोळ कायम होतो बघा, सातारा म्हटलं की सगळे शिवकाळ शोधत येतात, आणि शिवकाळ इथं वर किल्ल्यावर आहे, खालचं गाव नंतरचं. शाहू महाराज, म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू, मोगलांच्या कैदेतून १७०७ ला सुटले, १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला, आणि किल्ल्याच्या पायथ्याला त्यांनी जी वस्ती वसवली ते आपलं गाव, म्हणून तर शाहूनगर म्हणतात. १७४९ ला ते गेले तोवर मराठी राज्याचं तख्त इथं होतं आणि पेशवाईची वस्त्रं इथल्या छत्रपतींकडून मिळायची, हे पुण्याच्या भाच्यांना जरा मोठ्यानं सांगा!

पण पायी फिरताना डोळ्याला जे दिसतं त्यातलं बरंचसं प्रतापसिंह महाराजांच्या आणि त्यानंतरच्या काळातलं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांना गादीवर ठेवलं, यांनी रस्ते केले, शाळा काढली, पाणी आणलं, आणि मग १८३९ ला त्याच इंग्रजांनी कटाचे आरोप ठेवून त्यांना उतरवलं आणि काशीला धाडलं. १८४७ ला तिथंच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले ते वर्षानुवर्षं तिथंच झगडत राहिले, हाती काही लागलं नाही. महाराजांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे धाकटे भाऊ आप्पासाहेब १८४८ ला गेले, दत्तक नामंजूर, गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. आता जुना राजवाडा आणि नवा राजवाडा शेजारी शेजारी उभे आहेत ना, आपण रोज तिथं भेळ खातो, तर चांगला गाईड तुम्हाला चौपाटीच्या गर्दीतनं बाजूला घेऊन ही दोन भावांची गोष्ट त्या दोन इमारतींकडं बोट दाखवून सांगतो, पैसे तिथंच वसूल.

जुन्या राजवाड्यातली शाळा चुकवू नका. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे आपले बाबासाहेब, हे नाव तिथं पटावर चढलं, तेव्हा ते सरकारी हायस्कूल होतं, आता प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात आणि दिवाळी कधीकधी त्याच्या आसपासच येते, जमलं तर बघा.

अजून एक, पाणी. गाव उतारावर आहे आणि त्या उताराचाच फायदा घेतलाय, महादऱ्याच्या तळ्यातलं पाणी खापरी नळातून, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळातून, पंप न लावता खाली राजवाड्यात आणि गावातल्या हौदांत यायचं. राजपथावर कमानी हौद म्हणून आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगतो तो हौद भाच्यांना थांबून दाखवा. जो गाईड हौदापाशी थांबत नाही तो माझ्या मते अर्धाच गाईड.

प्रश्न: आईला यायचंय पण गुडघे दुखतात. चढ किती आहे?
– मल्हार पेठ

उत्तर: चढ आहेच, पण उलटं फिरा. रिक्षानं समर्थ मंदिरापाशी जायचं आणि तिथनं मंगळवार तळं करत उतरत राजवाड्यावर यायचं, गोल बागेत काकूंना निवांत बसू द्या, मग मोती चौक, खण आळी, आणि वरच्या रस्त्यानं कमानी हौदापर्यंत. तिथनं परत रिक्षा. चार भिंती म्हणून गावाच्या वर एक जागा आहे, तिथं पायी नेऊ नका, गाडीनं न्या. राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून ती जागा बांधली होती आणि आता तिथं १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथनं अख्खं गाव दिसतं, पेठा कशा उतरत गेल्यात ते कळतं. सकाळी लवकर निघा. दहानंतर मोती चौकात चालायला जागा नसते आणि हॉर्नच्या आवाजात गाईड काय बोलतो ते कळत नाही.

प्रश्न: आमचा जुना वाडा आहे. हल्ली रविवारी ग्रुपच्या ग्रुप चौकात येतात, न विचारता फोटो, परवा तर वाळत घातलेल्या साड्या बाजूला करून खांबाचा फोटो काढला. काय करावं?
– एक ताई, यादोगोपाळ पेठ

उत्तर: ताई, दाराला कडी लावा आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका. वाडा जुना असला म्हणून काय झालं, घर तुमचं आहे. जो ग्रुप घेऊन येतो त्यालाच गाठून सांगा की आदल्या दिवशी विचारायचं, अमुक वेळेलाच यायचं, आणि स्वयंपाकघराकडं कॅमेरा नाही. चांगले गाईड हे स्वतःहून करतात. फिरायला जाणाऱ्यांना पण सांगतो, जलमंदिर हे राजघराण्याचं राहतं घर आहे, ते बाहेरूनच बघायचं, गेटवर वाद घालू नका.

प्रश्न: त्याच दिवशी माहुली पण होईल का?
– कोरेगाव

उत्तर: नको. माहुली गावाच्या पूर्वेला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, आणि ती घाईत बघायची जागाच नाही. विश्वेश्वराचं देऊळ, घाट, शाहू महाराजांची समाधी, त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचं स्मारक, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, एवढं सगळं दमलेल्या पायांनी कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तुम्हाला तर सोपं आहे, कोरेगावहून साताऱ्याला येताना वाटेतच लागते. पावसाळ्यात मात्र घाटावर पाणी चढतं, तेव्हा पायऱ्यांवर पोरं सोडू नका.