"बागेत रमतच नाही" : एका ट्रेची गोष्ट

उन्हाची सकाळची शाळा सुरू झाली की पालकांची एक तक्रार ठरलेली असते: "दुपारभर मोबाइल. बागकामाला लावून बघितलं, त्यातही रमत नाही." कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक कुटुंब हेच घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा अकरा वर्षांचा, घरात आई, पप्पा आणि कागलकडच्या गावात हयात गेलेली आज्जी.

"मॅडम, हौसेनं कुंड्या आणल्या, टोमॅटो लावला. चार दिवस पाणी घातलं, आता ढुंकून बघत नाही," आई म्हणाली.

मुलाशी वेगळं बोलल्यावर तो म्हणाला, "पप्पा सारखं असं नाही, तसं कर म्हणतात. आणि काही येतच नाही."

बियापासून टोमॅटो हातात यायला तीनेक महिने जातात. अकराव्या वर्षी तीन महिने म्हणजे पुढचा जन्मच. त्यात घरचा सौदा होता, पाणी घातलंस तर मोबाइल. हा सौदा आधी मोडायला सांगितला, कारण त्यात झाड म्हणजे मोबाइलसाठी भरायचा दंड होऊन बसतं.

टोमॅटो बाजूला ठेवून पाडव्याला मेथी पेरायची ठरली. बारा बाय अठरा इंचांचा, पाच इंच खोल ट्रे, तळाला भोकं. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दोन मोठे चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरायचे, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती. पाणी झारीनं, तांब्यानं ओतलं की बी एका कोपऱ्यात गोळा होतं. दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीची सावली. पप्पांना एकच अट घातली: बोलावल्याशिवाय ट्रेला हात लावायचा नाही. त्यांना ती सगळ्यात जड गेली.

चौथ्या दिवशी कोंब वर आले. नवव्या दिवशी अर्धी रोपं आडवी! बुडाशी देठ मऊ, तपकिरी. ही मर, जास्त ओलीनं येणारी. पण पाणी तर पोरगा एकदाच घालत होता. चौकशी केली तेव्हा कळलं, तो शाळेला गेला की आज्जी "तहानलं असंल लेकरू" म्हणून झारी ओतायची आणि संध्याकाळी आई. पोरगं करील यावर घरात कुणाचाच भरवसा नव्हता. ते बोलण्यातून निघालं नसतं, ट्रेनं दाखवलं.

दुसरी पेरणी जरा विरळ केली. पाणी सकाळी आठच्या आत, तेही बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली तरच. ज्यानं घातलं त्यानं कॅलेंडरवर खूण करायची, म्हणजे दुसरा हात आपोआप थांबतो. रोपं दोन इंच झाल्यावर आज्जीनं गावाकडून उसाचं पाचट मागवलं, बारीक करून रोपांमध्ये पसरलं. ओल टिकली, आणि आज्जीलाही काम मिळालं.

मध्ये चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. आंबाडाळीची डाळ वाटायचं काम मुलाकडे दिलं. वाटीभर हरभराडाळ चार तास भिजलेली, नीट निथळलेली, अर्धी वाटी कैरीचा कीस. पाणी घालून बारीक वाटली तर तिचा चिकट गोळा होतो, म्हणून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. पहिल्या खेपेला गोळा झालाच. आईनं हसून त्याच्या वड्या तळल्या आणि पप्पा, आश्चर्य म्हणजे, काही बोलले नाहीत.

रविवारी त्यांना पन्हाळा करायचा होता. दहाला निघून एप्रिलच्या उन्हात गड चढायचा बेत आम्ही मोडून काढला. त्याऐवजी साडेसहाला रंकाळ्याची चक्कर, वीस मिनिटं, फोन घरी. पहिल्या रविवारी तो कुरकुरला, पुढच्या रविवारी बहावा फुललाय का बघायला तोच पुढे होता.

दुसऱ्या पेरणीनंतर सव्विसाव्या दिवशी मेथी कापली. जुडी झाली जेमतेम एक. कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, कांदा-लसूण चटणी, वरून कच्चं तेल. भाकरीबरोबर चौघांत संपली.

मोबाइल सुटला का? नाही, दुपारचा तास-दीड तास अजून जातो. एवढ्यावर घरात रोज भांडण नको, असं आईशी ठरलं. निघताना तिनं विचारलं, "मॅडम, आता टोमॅटो?" तूर्त नको. पारा पस्तिसाच्या वर गेला की फुलं गळतात. जूनमध्ये रोप करा, आणि कुंडी कुठं ठेवायची ते त्याला ठरवू द्या.