डबा रिकामा, मग तिकीट फुल का?

प्रश्न : मी महिन्यातून दोनदा एसी चेअर कारने पुण्याहून सोलापूरला लेकीकडे जातो. मागच्या खेपेला दौंडपर्यंत शेजारच्या दोन्ही सीट रिकाम्या, पाय पसरून गेलो म्हणा, पण तिकीट पूर्ण. व्हॉट्सअॅपवर तर २५ टक्के सूट आहे असं फिरत होतं, टीसीला विचारलं तर हसायलाच लागला. खरं काय?
– एक रिटायर्ड वाचक, पुणे

उत्तर : काका, मेसेज खोटा नाही, अर्धवट आहे. जुलै २०२३ मध्ये रेल्वे बोर्डाने झोनना, म्हणजे मध्य रेल्वेसारख्या विभागांना, अधिकार दिला की ज्या गाडीत मागच्या ३० दिवसांत निम्म्याहूनही कमी सीट भरल्यात तिथे एसी चेअर कार, एक्झिक्युटिव्ह, काचेच्या छताचा विस्टाडोम डबा वगैरेला २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येईल. देता येईल हां, द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि ती ठरते आधीच, गाडीवर किंवा तिच्या एखाद्या टप्प्यावर, त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसलंय त्यावर नाही, त्यामुळे टीसीच्या हातात काहीच नसतं बिचाऱ्याच्या. तुमच्या त्या सीट दौंडला भरल्या असतील तर हिशोबात त्या पुढे भरलेल्याच धरणार ना.

शिवाय सूट फक्त मूळ भाड्यावर. समजा ते ६०० असेल तर १५० सुटतील, पण रिझर्वेशनचे ४०, सुपरफास्टचे ४५ आणि जीएसटी वेगळे लागतातच. आधी तिकीट काढलं आणि मग सूट जाहीर झाली तर फरक परत मिळत नाही, हे मला तरी जरा चिडायला लावणारं वाटतं, जो वेळेत बुक करतो त्यालाच फटका.

खरं तर तुमचं नुकसान झालं ते मार्च २०२० मध्ये. ज्येष्ठांची सवलत बंद झाली, पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०, त्यापुढे हे २५ म्हणजे काय!

एक करून बघा. चार्ट लागल्यावर उरलेल्या सीट करंट बुकिंगला येतात, त्यांच्या मूळ भाड्यात १० टक्के सूट जानेवारी २०१७ पासून सगळ्या गाड्यांना लागू केली होती. सकाळच्या गाडीचा चार्ट हल्ली आदल्या रात्रीच लागतो, तेव्हा जेवण झालं की मोबाईलवर बघा. फक्त दिवाळीत हा प्रयोग नको, नाहीतर सीट गेली आणि लेक तिकडे स्टेशनवर.