ठाण्यातील नोंद : नव्या पोलीस उपनिरीक्षकास पत्र

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाशिकच्या पोलीस अकादमीतील प्रशिक्षण संपवून तू वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण ठाण्यात रुजू होत आहेस. लाच घेणार नाही असे तू कळवलेस, आणि त्याविषयी मला शंका नाही. परंतु आपल्या भागातील ठाण्यांत सचोटी पैशाच्या आधी लेखणीपाशी मोडते, म्हणून नोंदीविषयीच लिहितो.

एखादी शेतमजूर बाई दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने ठाण्यात येते आणि काठ्यांनी मारून नवऱ्याचा हात मोडला असे सांगते. हात मोडणे ही गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा, ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात. तरीही तिचे म्हणणे ‘शिवीगाळ व धक्काबुक्की’ असे उतरवून, अदखलपात्र नोंद करून, न्यायालयात दाद मागण्याची समज देऊन तिला परत पाठवले जाते. चोरीला गेलेला बैल कागदावर ‘हरवला’ होतो. यामागे दुष्टपणा क्वचितच असतो. मासिक गुन्हे बैठकीत आपल्या ठाण्याचा आकडा वाढलेला दिसू नये ही भीती मात्र नेहमी असते. ललिताकुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवणे बंधनकारक ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ नुसार हद्द कोणत्याही ठाण्याची असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते व तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, परंतु ही सवलत तक्रार टाळण्यासाठी वापरू नकोस. लिहिलेले त्या बाईला तिच्या वऱ्हाडीत समजावून सांग, आणि मगच अंगठा घे.

आपल्याच विदर्भातील देसाईगंज ठाण्यात मार्च १९७२ मध्ये जबाबासाठी आणलेल्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले, आणि त्या निकालाविरुद्ध देशभर उठलेल्या आवाजामुळे १९८३ साली कोठडीतील बलात्काराबाबतचा कायदा बदलला. आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. ‘पाच मिनिटांचे काम आहे, बोलावून घेऊ’ असे कोणी सुचवले, तरी महिला अंमलदाराला सोबत घेऊन तूच तिच्या घरी जा.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे गावठी दारूवरील छापे हा तुझ्या रोजच्या कामाचा भाग असेल. बहुतेक वेळा खबर देतात त्या गावातल्या बायाच, आणि त्यांचे नाव विक्रेत्यापर्यंत पोहोचले तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. हा विश्वासघात मला हप्त्याइतकाच गंभीर वाटतो. पंचनामा जागेवरच लिही, ठाण्यात बसून नको, आणि प्रत्येक छाप्याला तेच ते पंच आणू नकोस. त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण आता आवश्यक आहे.

ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान १ वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. कॅमेरा बंद पडला तर कधी पडला आणि कोणाला कळवले, हे त्याच दिवशी लेखी नोंदव. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेल्या निर्देशांनुसार आपल्या राज्यातही पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पण शेतमजुराला तिथवर पोहोचणे परवडत नाही, म्हणून त्याने ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्याचा तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत त्याला कळवण्याचे कायद्याने घातलेले बंधन तू मनापासून पाळावेस अशी माझी इच्छा आहे.

एखाद्याला सोडून द्या, असा पुढाऱ्याचा फोन येईल. नम्रपणे ऐकून घे, आणि कोणाचा फोन, किती वाजता, काय सांगितले, हे लगेच स्टेशन डायरीत लिही. वरिष्ठांनी तोंडी आदेश दिला तर त्याचीही तशीच नोंद कर आणि तो लेखी मागून घे.