जुनं फेव्हर-ल्यूबा ६,५०० रुपयांना घ्यावं का? त्या तबकडीसह तरी नको

तुम्ही विचारलंय की फेव्हर-ल्यूबा या स्विस कंपनीचं साठच्या दशकातलं सी चीफ मनगटी घड्याळ, फिरोजी तबकडीचं, 'मिंट कंडिशन, सगळं ओरिजिनल' असं सांगून ६,५०० रुपयांना मिळतंय, तर किंमत रास्त आहे का आणि अवस्था ओळखायची कशी. फोटो बघितला. तबकडी पुन्हा रंगवलेली आहे. मी २,५००च्या वर एक रुपया देणार नाही, आणि तेही मशीन ठणठणीत असेल तरच.

एवढं ठाम बोलते, कारण आमच्या घरात नेमक्या याच गोष्टीवरून कितीतरी वर्षं वाद चालू आहे.

माझ्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, आणि काकांचं लग्न १९६६ साली कराडला एकाच मांडवात झालं. आजोबांनी दोघा मुलांसाठी मुंबईहून याच कंपनीची एकसारखी दोन सी किंग घड्याळं मागवली. रुपेरी तबकडी, सोनेरी मुलाम्याची केस म्हणजे बाहेरचं कवच, मागे स्टीलचं झाकण. आण्णा शाळामास्तर, काका मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी. दोघांनीही ती घड्याळं कपाटात जपली नाहीत, रोज वापरली. आण्णा गेल्यावर त्यांचं घड्याळ थोरला म्हणून दादाकडे गेलं. काकांना मूल नव्हतं, काकूने त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं.

दादाने आण्णांचं घड्याळ मुंबईतल्या एका दुकानात 'नवीन करायला' टाकलं. परत आलं ते गडद निळ्या तबकडीचं, आरशासारख्या केसचं. घरातले सगळे खूश. मी काकांचं घड्याळ शेजारी ठेवून भिंगातून दोन्ही पाहिली, आणि जुनं घड्याळ कसं बघायचं हे मला त्या दोघांनी शिकवलं.

काकांची तबकडी उजेडात जराशी कलती केली की मधून निघालेली किरणं तिच्यावर फिरतात. धातू बारीक घासून केलेलं ते काम आहे. निळ्या रंगाचा थर बसला की ते कायमचं झाकलं जातं, मग कुठूनही बघा, एकसारखी चकाकी. काकांच्या घड्याळावर कंपनीचं नाव आणि खालचं 'जिनिव्हा' केसाइतक्या बारीक अक्षरांत, कडा धारदार. निळीवर तीच अक्षरं जाडी आणि फुगलेली, एक अक्षर तर चक्क कललेलं. तासांच्या बसवलेल्या खुणांच्या बुडाशी रंग साचलाय. मिनिटांच्या रेघा खुणांच्या समोर येत नाहीत, दोनाच्या पुढे तर चांगल्याच सरकल्यात. सहाच्या खुणेच्या दोन्ही अंगांना 'स्विस मेड' असं चिमुकलं लिहिलेलं होतं, ते रंगवणाऱ्याने लिहिलंच नाही. तुमच्या फोटोतही सहाच्या खाली कोरं आहे. फोटो मोठा करून बघा.

केसचं तेच. पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या कडा काकांच्या घड्याळात अजून बोटाला लागतात. मुलामा झिजून कानांच्या टोकांना पितळ दिसतंय, ते दिसू दे. आण्णांच्या घड्याळाचे कान बफ मारून, म्हणजे यंत्रावर घासून चकचकीत करताना, गोल करून टाकले आणि वर नवा मुलामा चढवला. गेलेला धातू परत येत नाही.

पण मला खरा राग आला तो झाकण उघडल्यावर. जुने कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक तारीख किंवा आपली खूण कोरायचे, म्हणजे पुढच्या वेळी कळायचं की शेवटचं ऑइलिंग कधी झालं, कुणी केलं. काकांच्या झाकणात अशा कितीतरी खुणा एकमेकींच्या अंगावर आहेत. आण्णांच्या झाकणातही असणार, कारण दोघं भाऊ एकाच कारागिराकडे जायचे. त्या दुकानाने झाकण आतूनसुद्धा बफ केलं होतं! कोणी मागितलं होतं ते?

दादाचं म्हणणं आजही असं की तबकडीवर डाग होते, आता लोक वळून बघतात, आणि त्यामुळे किंमत वाढली. लोक वळून बघतात हे खरं. किंमतीचं मात्र बघून घेऊ म्हणून मी पुण्यातल्या एका जाणकार संग्राहकाला दोन्ही दाखवली. मशीन सारखंच, दोन्ही चालू. काकांच्या घड्याळाला ते तिथल्या तिथे ११,००० द्यायला तयार झाले, आण्णांच्या घड्याळाला २,०००. दादा म्हणाला, त्या माणसाला जुनाटपणाचं वेड आहे. अरे, पण जुनं घड्याळ विकत घेणारा दुसरा कोण असतो? भारतातून येणारी रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळं परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात आणि हात लावत नाहीत, ते उगाच नाही.

मशीनबद्दल थोडं. सी चीफ आणि सी किंगमध्ये साधारणपणे कॅलिबर २५१ या नमुन्याच्या घराण्यातलं मशीन असतं. हाताने चावी द्यायची, आत मशीन चालवणारी मुख्य स्प्रिंग, म्हणजे मेनस्प्रिंग, एकाऐवजी दोन. म्हणून पूर्ण चावी दिली की ते दोन दिवसांच्या आसपास चालायला हवं. एका दिवसात थांबलं तर आतलं तेल वाळलंय किंवा स्प्रिंग थकलीय, तो खर्च किंमतीतून वजा करा. स्क्रूंची डोकी कुरतडलेली दिसली तर आत अडाणी हात फिरलाय असं समजा. चावीच्या दांड्याला गंज म्हणजे पावसाळ्याचं पाणी आत गेलंय. 'सर्व्हिस केलेलं आहे' या तोंडी वाक्याची किंमत मी शून्य धरते. आणि हो, या मशीनचे नवे सुटे भाग आता दुकानात मिळत नाहीत, दुसऱ्या बंद घड्याळातून काढावे लागतात. त्यामुळे तीन घड्याळांचं मिळून एक जोडलेलं घड्याळही सर्रास विकलं जातं. काटे एका वयाचे आणि तबकडी दुसऱ्या वयाची दिसली की थांबा.

काट्यांवर चमकणारा लेप असेल तर आणखी एक. साठ वर्षांपूर्वीचा लेप आज रात्रभर लख्ख चमकत नाही. चमकत असेल तर तो नंतर भरलाय. उलट मूळचा, विझलेला, तपकिरी पडलेला लेप असेल तर तो खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं, आणि चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धं आयुष्यच १,६०० वर्षांचं आहे.

आता तुमच्या बाजूनेही बोलायला हवं. रंगीत तबकड्या कंपन्यांनी स्वतःही काढल्या होत्या, विशेषतः सत्तरच्या दशकात, म्हणून नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका. मी अक्षरं आणि सहाखालची कोरी जागा बघून बोलतेय. तुम्हाला संग्रह करायचा नसेल, फक्त रोज घालायला छान दिसणारं चावीचं घड्याळ हवं असेल, तर रंगवलेलं घेण्यात काही गैर नाही. फक्त रंगवलेल्याच्या किंमतीत घ्या. आणि दमट हवेत तबकडीचा पत्राच कुजला असेल, आकडे वाचता येत नसतील, तर रंगवण्यावाचून इलाज नसतो हेही मान्य. आण्णांच्या तबकडीवर चार डाग होते, खुणा आणि अक्षरं सगळी स्पष्ट दिसत होती. घरातलं घड्याळ कुणाला दुरुस्तीला द्याल तेव्हा 'क्लीनिंग-ऑइलिंग करा, तबकडीला आणि केसला हात लावू नका' असं पावतीवर लिहून घ्या. दादाने हल्लीच काकांचं घड्याळही 'तसंच करून आणतो' म्हणून मागितलं. मी दिलं नाही, देणारही नाही.

विक्रेत्याकडून झाकण उघडून मशीनचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो मागवा, आणि तबकडी रंगवलेली आहे का हे मेसेजवर लेखी विचारा. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर व्यवहार तिथेच सोडा. दिला आणि मशीन स्वच्छ असलं तर २,००० पासून बोलायला सुरुवात करा.