पुण्यात राहून स्वतःच्या मापाचा सर्फबोर्ड बनवून घ्यावा का? शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारा, नेमकं काय वेगळं करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला पुण्यात, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो. वर्षातून चार-पाच वेळा गोवा नाहीतर कर्नाटकातल्या मुळकीला जाऊन भाड्याच्या सॉफ्टटॉपवर, म्हणजे शिकाऊंच्या मऊ फोमच्या बोर्डावर, सर्फिंग करता. फेसाळ पाण्यातून पुढे सरकलात, न फुटलेली लाट आता पकडता येते. तर स्वतःचा बोर्ड बनवून घेण्याची हीच वेळ आहे का, आणि दुकानातल्या तयार बोर्डापेक्षा त्यात वेगळं काय असतं? आणि पुण्यात तो बनतो कसा?

घ्या बनवून. लाट पकडून तिच्या उतारावर आडवं जाता यायला लागलं, की सॉफ्टटॉप तुम्हाला अडवू लागतो. त्याच्या कडा जाड आणि गोल, तळ जवळजवळ सपाट, त्यामुळे वळायला सांगितलं तरी तो सरळच जातो. इथून पुढचं शिकणं बोर्डावर बरंच अवलंबून असतं. माझी अट एकच. बोर्ड आजच्या तुमच्यासाठी आणि तुम्ही खरोखर जाता त्या किनाऱ्यासाठी बनवून घ्या. हवाईचे व्हिडिओ पाहून ठरवलेला बोर्ड गोव्यातल्या मांद्रेच्या लाटेवर नुसता उभा राहतो, आणि माणसाला वाटतं की आपल्यालाच काही जमत नाही. हे मी फार वेळा पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण दोष त्या माणसाचा नसतो.

मी नऱ्ह्याच्या एका शेडमध्ये बोर्ड घडवतो. मूळ धंदा फायबरच्या कामाचा. कोणी बोर्डासाठी आलं की लांबी-रुंदी मी शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो, कुठे जाता आणि कोणत्या महिन्यात? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्या दिवसांत शिकाऊ माणसाने पाण्यात जाऊच नये. उरलेल्या महिन्यांत गोवा आणि कोकणात लाटा बहुतेक लहान, तळ वाळूचा, उतार मंद. अशी लाट भिंतीसारखी उभी राहत नाही, वरून हळूहळू ढासळते. मुळकीजवळ ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी नद्या समुद्राला मिळतात. तिथे वाळूचे बांध तयार होतात आणि लाटेला थोडा जास्त आकार येतो. पूर्व किनारा अजून वेगळा. महाबलीपुरम, कोवलमकडे दक्षिणेच्या महासागरातून लांबून आलेल्या लाटा पोचतात आणि त्यांत जोर असतो. वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही यांपैकी कुठे घालवता, यावर बोर्डाचा निम्मा आकार ठरतो.

दुसरा प्रश्न तुमच्या शरीराचा. वजन सांगितलंत, चांगलं केलंत, पण मला व्हिडिओ हवा असतो. किनाऱ्यावरून मित्राने मोबाईलवर हलत्या हाताने काढलेलाही चालतो. त्यात मी दोन गोष्टी बघतो. हात मारताना छाती किती वर राहते, आणि उभं राहिल्यावर भार कोणत्या पायावर जातो. पुण्यात माझ्याकडे येणारे बरेचजण आधी स्केटबोर्ड केलेले असतात. ते मागच्या पायाने ढकलून वळतात. त्यांना शेपटी थोडी अरुंद हवी, नाहीतर बोर्ड मागे अडकल्यासारखा होतो. पुढच्या पायावर झुकणाऱ्या माणसाला रुंदी मध्याच्या किंचित पुढे दिली की तोच बोर्ड सुसाट सुटतो. दोघांचं वजन सारखं असेल, उंचीही, आणि तरी बोर्ड वेगळे. पोहण्याचंही तसंच. जो रोज टिळक टँकला पोहतो त्याच्या खांद्यांत लाट पकडण्याची ताकद असते, त्याला बोर्डात तरंगवणारा फोम थोडा कमी चालतो. दिवसभर संगणकासमोर बसून थेट सुट्टीत समुद्रावर उतरणाऱ्याला तो जास्त द्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता लिटर. हल्ली सगळे बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये विचारतात, आणि सुरुवातीला ते उपयोगी आहे. अगदी नवख्याला वजनाच्या किलोइतके किंवा त्याहून जास्त लिटर लागतात. स्पर्धेत उतरणारा ६८ किलोचा माणूस २५ लिटरच्या आसपासच्या बोर्डावर असतो. तुम्ही आत्ता यांच्या मध्ये आहात, नवख्याच्या बाजूला झुकलेले. साधारण ४८ ते ५० लिटर धरा. पण लिटर म्हणजे फक्त एकूण फोम किती, तो कुठे आहे हे त्यातून कळत नाही. तेच ४९ लिटर मधल्या पट्ट्यात जाड आणि कडेला पातळ करून देता येतात, किंवा कडेपर्यंत सारखे पसरवता येतात. पहिला सहज कलवता येतो पण हलतो, दुसरा स्थिर राहतो पण कड पाण्यात दाबायला जोर लागतो. तयार बोर्डाच्या तळावर छापलेला आकडा हे सांगत नाही, म्हणून त्या एका आकड्यावर पैसे मोजू नका.

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पाडतो तो रॉकर. बोर्ड बाजूने पाहिलात की नाकाकडे आणि शेपटीकडे जो वर गेलेला बाक दिसतो, तो. बाक कमी असला की बोर्ड कमी वेगातही पाण्यावर तरंगत सरकतो, हात मारताना पाणी पुढे ढकलावं लागत नाही, आणि गोव्याची मऊ लाटही लवकर हाती लागते. बाक जास्त असला की बोर्ड उभ्या लाटेच्या पोटात बसतो, नाक बुडत नाही, वळणं आखूड होतात. पण मऊ लाटेवर तोच बाक ब्रेक लावल्यासारखा वागतो. नाकाकडे चार इंच आणि पाच इंच यांतला फरक हातात धरून फारसा जाणवत नाही. पाण्यात गेल्यावर एकाच लाटेवर एक माणूस निघून जातो आणि दुसरा मागे राहतो. आपल्या किनाऱ्यासाठी मी बाक कमी ठेवतो, विशेषतः पोटाखालचा भाग जवळजवळ सपाट, आणि फक्त शेवटच्या फूटभरात शेपटी उचलतो. वळायचं तिथूनच असतं.

दुसरी गोष्ट कडा, ज्यांना आम्ही रेल म्हणतो. घरी एक करून बघा. नळाची बारीक धार सोडा, चमचा दांड्याला सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला टेकवा. धार चमचा दूर ढकलेल असं वाटतं, पण तो उलट धारेकडे ओढला जातो, कारण पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळतं. गोल रेल लाटेत असंच काम करते. पाणी तिच्याभोवती वळतं, बोर्ड लाटेला धरून राहतो. तळाशी धारदार कड केली की पाणी तिथेच सुटतं, आणि सुटलेलं पाणी म्हणजे वेग. म्हणून नाकापासून मध्यापर्यंत गोल, आणि शेपटीकडे जाता जाता तळाची कड धारदार, असा बदल करत न्यायचा असतो. हा बदल कुठे सुरू करायचा हे मी हाताने ठरवतो. डोळे मिटून तळवा फिरवला की दोन बाजूंतला फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो.

शेपटी आणि फिन (तळाला मागे बसवलेले पर) यांवर लोक तासन्तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. रुंद शेपटी मऊ लाटेत उचल देते, टोकदार शेपटी मोठ्या लाटेत पकड देते. तीन सारख्या फिनांची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० च्या सुमारास आणली, १९८१ मध्ये तिच्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, आणि आज बहुतेक लहान बोर्ड तिच्यावरच चालतात. तुमच्यासाठी मी मध्ये एक मोठी आणि बाजूला दोन छोट्या फिना सुचवेन. बाजूच्या काढूनही चालवता येतं, आणि तसं करून पाहिल्यावर फिन काय करते ते स्वतःच्या पायाला कळतं.

पुण्यात हे कसं होतं, असंही तुम्ही विचारलंय. अनेक दशकं जगातले बहुतेक बोर्ड पॉलियुरेथेन फोमचे होते. कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही मोठी कंपनी ५ डिसेंबर २००५ ला अचानक बंद झाली. अमेरिकेतल्या शेपरांचा बहुतेक कच्चा माल तिथून यायचा, त्यामुळे सगळ्यांना पर्याय शोधावे लागले आणि ईपीएस फोम व त्यावर चालणाऱ्या इपॉक्सी रेझिनकडे जास्त लोक वळले. पुण्यात मला हाताशी येतो तोही ईपीएसच, म्हणजे आपला थर्माकोल. फक्त टीव्हीच्या खोक्यातला नाही. तो फार हलका असतो, पायाखाली दबतो. घनमीटरला २४ ते ३२ किलो घनतेचा ठोकळा सांगून मागवावा लागतो. तापलेल्या तारेने बाक कापायची पद्धत पुण्याला नवी नाही. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी येईपर्यंत गणपतीची मखरं अशाच तारेने कापली जायची, आणि तो हात असलेले कारागीर अजून शहरात आहेत. माझ्याकडे तार धरायला त्यांच्यातलेच एक काका येतात. दोन्ही बाजूंना प्लायचे साचे लावून दोघांनी एकाच चालीने तार ओढायची असते. एकजण जरी थांबला तरी तिथे खाच पडते. मग ठोकळा लांबीत चिरून मध्ये लाकडाची पट्टी चिकटवायची, तिला स्ट्रिंगर म्हणतात, त्याने बोर्डाचं लवणं ताब्यात राहतं.

घडवण्याची खोली अंधारी लागते. भिंती गडद, आणि दिवे छताला न लावता बोर्डाच्या उंचीवर दोन्ही बाजूंना. आडव्या उजेडात उंचवट्याची सावली पडते आणि चूक लपत नाही. वरून दिवा लावला तर सगळंच गुळगुळीत दिसतं. आधी प्लेनर (रंधा), मग सरफॉर्म (किसणीसारखी कानस), मग जाळीचा आणि शेवटी बारीक सँडपेपर. भोसरीत सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकावर चालणारी कापणी यंत्रं, पुष्कळ आहेत आणि त्यावर ओबडधोबड आकार कापून घेणं मला मुळीच कमी प्रतीचं वाटत नाही. शेवटचे काही मिलिमीटर मात्र हाताने झाले पाहिजेत. तुमचा म्हणून जो फरक असतो तो तेवढ्यातच असतो.

फायबरचं काम करणारा ओळखीचा असेल आणि तो म्हणाला की मी करून देतो, तर आधी रेझिन विचारा. टाक्या आणि गाड्यांच्या पार्टसाठी बहुतेक ठिकाणी पॉलिस्टर रेझिन वापरतात. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, बोर्ड डोळ्यांदेखत खड्डा होऊन बसतो. ईपीएसवर इपॉक्सीच हवं. काचेच्या धाग्यांचं कापड चार किंवा सहा औंसाचं, वर दोन थर, खाली एक, कारण गुडघे आणि टाचा वरच पडतात. आणि पुण्याची हवा सांभाळावी लागते. एप्रिलच्या दुपारी इपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट व्हायला लागतं. शिवाय हवा तापत असताना थर दिला तर फोममधली हवा फुगून बाहेर येते आणि कापडाखाली बुडबुडे उठतात. म्हणून उन्हाळ्यात मी संध्याकाळनंतर काम करतो, तापमान उतरत असताना फोम रेझिन आत ओढतो. पावसाळ्यात दमट हवेने पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही. डिसेंबरच्या सकाळी रेझिन इतकं घट्ट असतं की कापडात मुरत नाही. आणि घासताना चांगला मास्क हवाच. काचेची धूळ फुप्फुसात जाते, यात कोणाचंही धाडस मी मानत नाही.

ईपीएस बोर्डाला तडा गेला तर तो पाणी पितो. पाण्यातून लगेच बाहेर या, टेप लावा, घरी पूर्ण वाळू द्या, मगच दुरुस्ती करा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. आंबोली घाट उतरून समुद्रावर गेलात आणि परत वर आलात की आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब बदलतो, त्यात टपावरचं ऊन. म्हणून मी हवा ये-जा करणारा छोटा व्हेंट बसवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंद गाडीत उन्हात बोर्ड ठेवू नका. कापड फोमपासून सुटतं ते बहुतेक वेळा उष्णतेनेच.

तुमच्यासाठी मी असा बोर्ड करेन: ७ फूट ४ इंच लांब, २१½ इंच रुंद, २¾ इंच जाड, बाक कमी, शेपटी गोलसर, साधारण ४९ लिटर. याहून लांब, ९ फुटी बोर्ड गोव्याच्या लाटेला सुंदर आहे, पण तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही आणि जिन्यातून रोज नेणं होत नाही. हा तिरका धरून जाईल. हा सोपा झाला, मनासारखं वळता यायला लागलं, की साडेसहा फुटांकडे या, त्याआधी नको. दिवाळीच्या सुट्टीत पाण्यात न्यायचा असेल तर ऑगस्टमध्येच शेपरकडे जा. पावसात प्रत्येक थर वाळायला वेळ घेतो, आणि काम संपल्यावरही इपॉक्सीला पूर्ण ताकद यायला आठवडा-दोन आठवडे मोकळे द्यावे लागतात. जाताना व्हिडिओ घेऊन जा, आणि भाड्याच्या ज्या बोर्डावर तुम्हाला सगळ्यात बरं वाटलं होतं त्याचा बाजूने काढलेला एक फोटोही.